मुंबईला न्यायचा मुरांबा

मला फसवलं ते कैऱ्यांच्या मोसमात, आणि जिने फसवलं तिच्यावर माझा आईपेक्षाही जास्त जीव होता. सत्तावीस-अठ्ठावीस सालच्या सुमाराची गोष्ट. मला तेरावं सरत होतं. आता माझे गुडघे दुखतात, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, नातवंडांची नावं मी एकमेकांना लावते. एवढी एक गोष्ट मात्र मी विसरले नाही, आणि खरं सांगायचं तर विसरायचा प्रयत्नही केला नाही.

आमचं घर रत्नागिरीत, बंदरापासून फार लांब नाही असं होतं. मुंबईची बोट आली की तिचा भोंगा आमच्या मागच्या पडवीत ऐकू यायचा. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती लांब उभी राहायची आणि माणसं, गाठोडी, आंब्याच्या पेट्या सगळं पडावातून तिच्यापर्यंत न्यायचं. ज्येष्ठात समुद्र उसळायला लागला की बोटी बंद. मग गणपती-दसऱ्यापर्यंत मुंबई आम्हाला विलायतेइतकी लांब. वडील कचेरीत कारकून होते. घरात ते, आई, मी आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या.

आत्याला आपला नवरा आठवत नव्हता. लग्न झालं तेव्हा ती भातुकली खेळत होती, आणि भातुकली मोडायच्या आतच विधवा होऊन परत आली. तेव्हापासून लाल आलवण, एक वेळचं जेवण आणि आमचं स्वयंपाकघर. तिथे मात्र तिचं राज्य होतं. सोवळ्यातला स्वयंपाक तिचा. लोणची, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, मुरांबा, पावसाळ्याची सगळी बेगमी तिच्या हातची. आई वरकाम करायची. आईला याचं काही वाटत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. आई फारसं बोलायचीच नाही.

माझ्या पहिलीच्या पुस्तकावरून आत्या वाचायला शिकली. मी ओटीवर बसून मोठमोठ्याने वाचायची आणि ती आत तांदूळ निवडताना ऐकायची. मग दुपारी मला गाठून विचारायची, "कालचं ते पोट सुटलेलं अक्षर कुठलं गो?" मी चौथीत जाईपर्यंत ती माझ्यापेक्षा भरभर वाचू लागली. वडिलांनी वाचून टाकलेलं वर्तमानपत्र ती फडताळात डब्यांखाली अंथरायला म्हणून मागून घ्यायची आणि अंथरायच्या आधी वाचून काढायची. अंथरून झाल्यावरसुद्धा एखादा डबा उचलून खालची ओळ वाचताना मी तिला पाहिलंय.

"तू शीक," ती मला सांगायची. "इंग्रजी शीक. मास्तरीण हो. मग तुला कुणी ऊठ म्हणालं तर उठायला नको आणि बस म्हणालं तर बसायला नको."

माझी मराठी शाळा संपत आली होती. मुलग्यांच्या हायस्कुलात मुलीने बसणं वडिलांना मान्य नव्हतं. पुढे शिकायचं तर मुंबईला, गिरगावात मामाकडे राहून. हे मामाने एकदा सहज म्हटलं होतं आणि आत्याने ते धरून ठेवलं होतं. मी तर मनातल्या मनात मामाच्या चाळीचे जिने चढून-उतरून आले होते.

त्या वर्षीच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला देवरूखहून कुणी एक बाई आल्या होत्या. शेजाऱ्यांच्या पाहुण्या, असं मला सांगितलं. मी त्यांना पन्ह्याचा पेला दिला, तर पेल्याबरोबर त्यांनी माझा हातच धरून ठेवला. तळवा पाहिला, केस मोकळे सोडले की कुठवर येतात ते विचारलं, चार पावलं चालायला लावलं. वाचता येतं का, एवढं मात्र विचारलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, कारण नेमकं तेच मला सांगायचं होतं.

पुढे दोनचार दिवसांनी आत्याने मला मागच्या पडवीत बोलावलं. खाली बघत, आमसुलं उलटीपालटी करत म्हणाली, "बोटी बंद व्हायच्या आत तुला मामाकडे धाडायचं चाललंय. कुणापाशी बोलू नको. वडिलांना विचारायला जाऊ नको, ते आपणहून सांगतील."

वडिलांना काही विचारायची आमच्या घरात पद्धतच नव्हती, त्यामुळे ही अट मला जड गेली नाही. मी तिला मिठी मारायला गेले. ती मागे सरकली. "सोवळ्यात आहे हो मी," म्हणाली.

मग म्हणाली, "मामीकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. पावसाळाभर तुला पोळीशी लागेल, त्यांनाही होईल. मुरांब्याच्या दोन बरण्या भर. तुझ्या हातच्या."

"माझ्या हातच्या? आणि बिघडला म्हणजे?"

"मी सांगत्ये ना. मी इथे बसून सांगेन, तू कर. मी हात लावायची नाही."

यात मला काही वावगं दिसलं नाही. उलट माझी मान ताठ झाली. घरची आंबापोळी त्याही वर्षी आत्याच घालत होती, आमसुलं तीच वाळवत होती. एवढा मुरांबाच तिने माझ्या हवाली केला होता. मला वाटलं, मी परक्या गावी निघाले, तर माझं मला आलं पाहिजे म्हणून ही शिकवते आहे. गुरूने शिष्याची परीक्षा घ्यावी तसं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पुस्तकं वाचणाऱ्या पोरीच्या डोक्यात असलंच काही येणार.

एरवी मुरांब्याला रायवळच्या कैऱ्या असायच्या. त्या वर्षी आईने आपणहून हापूसच्या कलमाच्या कैऱ्या उतरवून दिल्या. मोठ्या, भरीव, नुकत्या पाडाला येऊ घातलेल्या. कलमाची कैरी कुणी तोडली तर वडील घर डोक्यावर घ्यायचे, पण या खेपेला त्यांनी टोपली पाहिली आणि न बोलता बाहेर गेले. मी मनात म्हटलं, मुंबईचा मान मोठा.

आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसली. दोन्ही हात मांडीवर. एरवी तिचे हात कधी रिकामे दिसायचे नाहीत, त्यामुळे ते तसे पाहून मला हसू येत होतं. तिने सांगायचं आणि मी करायचं. साल जाड काढ, हिरवं राहिलं तर तुरट लागेल. फोडी सारख्या कर, एक लहान एक मोठी अशा नकोत, ताटात मांडल्या तर शोभल्या पाहिजेत. सुईने टोच. चुन्याच्या निवळीत ठेव, मग शिजताना मोडणार नाहीत. चार पाण्यांनी धू. वाफवून घे, फडक्यावर पसर, ओल राहता कामा नये. "मुरांब्याचा वैरी पाणी," ती म्हणाली. मी फोडी इतक्या पुसल्या की ती म्हणाली, "आता पुरे गो, साल काढलंय, कातडं नको काढू."

पाक करताना माझा घोळ झाला. कल्हईच्या पातेल्यात पाक उकळत होता. आत्या म्हणत होती, तार बघ, बोटाला चिकटते का बघ. तेवढ्यात लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला. तो मी आयुष्यभर ऐकत आले होते, पण आता ती माझी बोट होती. मी हातातला झारा तसाच धरून पडवीत धावले. तिथून समुद्र दिसत नसे, तरी मी मान उंच करून बघत राहिले.

"उतू चाललंय, उतरव," आत्या आतून ओरडली.

मी परत आले तोवर पाक फेसाळून काठाला आला होता. आत्या पाटावरून उठून चुलीपाशी आली होती. तिचे दोन्ही हात पातेल्याच्या कानांपर्यंत गेले होते आणि तिथेच थांबले होते. मला अजून ते हात दिसतात. तिला निखारा हाताने उचलायची सवय. गरम पातेलं उतरवणं म्हणजे तिला काहीच नव्हतं. तिने हात मागे घेतले आणि म्हणाली, "पदराने धर. तू धर."

मी तशीच घुसले. पदर-बिदर सुचला नाही. पातेलं उतरवलं, आणि उजव्या हाताची तीन बोटं चरचरून भाजली. पाक वाचला. आत्याने सोवळंओवळं न पाहता माझा हात आपल्या मांडीवर घेतला, तूप लावलं, आणि रडायला लागली. मला भाजलं होतं आणि रडत ती होती. मीच तिची समजूत घातली. "अगो आत्ये, मुंबईच्या शाळेत जाईपर्यंत बरी होतील बोटं, लिहिता येईल मला," असं म्हटलं. त्यावर तिला आणखीच रडू फुटलं. मला वाटलं, मी जाणार म्हणून रडते.

केशर आईने दिलं. आपल्या पेटीच्या तळातून काढून कागदाची पुडी माझ्यापुढे ठेवली आणि लगेच निघून गेली. मामीचं भाग्य थोर, मी म्हटलं. मुरांबा गार झाल्यावर, उन्हात तापवून ठेवलेल्या बरण्यांत मी तो भरला. तोंडावर पांढऱ्या फडक्यांचे दादरे घट्ट बांधले. दोन बरण्या फडताळात वरच्या फळीवर ठेवल्या आणि रोज जाऊन बघू लागले. आत्या त्या फळीवरचं काही काढायचं असलं तरी मला हाक मारायची. मला तेही आवडायचं.

ज्येष्ठ लागायला आला. हवा कोंदट झाली, दुपारी ढग जमायला लागले. वडील अजून काही बोलत नव्हते. मी आपली दोन लुगडी, पाटी आणि पुस्तकं एका गाठोड्यात बांधून ठेवली होती. एका सकाळी मला राहवेना. शाळेतल्या बाईंचा निरोप घ्यायला म्हणून मी गेले. बाईंनी मला एक टाक दिला, मुंबईला खूप अभ्यास कर म्हणाल्या. तो टाक हातात घेऊन मी उड्या मारतच घरी आले.

माजघरात शेजारच्या बायका जमल्या होत्या. भिंतीशी पाट मांडून त्यांवर ताटं रचली होती. फेण्या, कुरड्या, लाडू, साखरेचे हलव्याचे दागिने, शिंपल्यांची केलेली एक बोट, कापडाची बाहुली. मधोमध माझ्या दोन बरण्या. माझे पांढरे दादरे सोडून त्यांवर हिरव्या खणाचे तुकडे बांधले होते. बरण्यांच्या पोटावर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती.

"रुखवत झोकात सजलंय हो," एक बाई आईला म्हणाली. "मुरांबा हिच्याच हातचा ना? सासू खूश होईल."

"कुणाची सासू?" मी विचारलं.

बायका खळखळून हसल्या. "बघा, कशी साळसूद झाल्ये," दुसरी म्हणाली.

मी आईकडे पाहिलं. आई बरणीचा खण नीट करत होती. तो नीटच होता. ती तो पुन्हा नीट करत होती.

आत्या माजघरात नव्हती. असणारच नव्हती. मी मागच्या पडवीत गेले. ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती.

"आत्ये, बोट कधी आहे?"

तिने वर पाहिलं नाही. "बोटी बंद झाल्या हो. यंदा लवकर बंद झाल्या."

ती सूप पाखडत राहिली. मी उभीच होते. आणि तेवढ्यात भोंगा झाला. लांब, स्पष्ट, रोजच्यासारखा. मुंबईची बोट बंदराबाहेर येऊन उभी राहिली होती. आत्याचं सूप थांबलं. आम्ही दोघी तो भोंगा संपेपर्यंत तशाच राहिलो.  मग मी आत गेले, कारण बायका मला बांगड्या भरायला बोलावत होत्या.

लग्न लागलं. आत्या मांडवात आली नाही; तिने येऊ नये हाच रिवाज होता. नवऱ्याने हात हातात घेतला तो नेमका भाजलेल्या बोटांवर, आणि मी चरकले. लाजली, असं सगळे म्हणाले. नवरा वाईट माणूस नव्हता, हे इथेच सांगून टाकते. पुढे त्याने मला पुस्तकंही आणून दिली. हा राग त्याच्यावरचा नाही. वडिलांवरही मी फार रागावले नाही, कारण वडिलांनी मला कधी काही कबूलच केलं नव्हतं. आई घाबरट होती. पण आत्या? जिने मला स्वप्न दाखवलं तिनेच ते माझ्या हाताने पाकात घालून मुरवायला लावलं.

तरी सासरी गेल्यावर पहिले काही महिने मी तिची बाजू घेत होते. मनाशी म्हणायची, तिला शेवटी शेवटी कळलं असेल. मुंबईचं खरंच चाललं असेल, आणि वडिलांनी आयत्या वेळी फिरवलं असेल. मग घाईघाईत माझाच मुरांबा रुखवतात मांडला असेल. तिला तोंड दाखवायला जागा उरली नसेल, म्हणून बोटीचं खोटं बोलली असेल. देवरूखचा पाऊस मोठा. बाहेर पडायची सोय नसे, आणि आत बसून विचार करायला वेळच वेळ.

श्रावणात सासूबाईंनी पहिली बरणी फोडली. हळदीकुंकवाला माझा तळवा पाहणाऱ्या त्या याच. फोडी अगदी पारदर्शक झाल्या होत्या, एकही मोडली नव्हती, केशराचा रंग उतरला होता. घरात जो तो वाटी पुढे करू लागला. "हिच्या हाताला चव आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्या घरात मी मुरांबा करणारी सून झाले. मला सगळ्यात जास्त चीड आली ती याची, की मुरांबा खरोखरच फार छान झाला होता.

तुळशीचं लग्न झालं की माझ्या नणंदेचं लग्न होतं. म्हणून आश्विनात घरी गव्हले वळायला बायका बसल्या. कणकेचे ते बारीक दाणे चिमटीत वळायचे काम. आमच्या घरात एक चुलतसासूबाई होत्या, आलवणातल्या. त्यांच्यासारखे गव्हले पंचक्रोशीत कुणी वळत नसे, असं सगळे सांगायचे. त्या मात्र दाराशी पाट घेऊन बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर. कणीक सैल आहे, अजून बारीक घ्या, असं बसल्या जागेवरून सांगत होत्या. मला काय वाटलं कोण जाणे, मी परात उचलून त्यांच्यापुढे सरकवली.

सासूबाईंनी ती ओढून घेतली. "अगो, रुखवताचं आहे ते. त्यांचा हात लागून कसं चालेल? एवढंही तुला माहेरी शिकवलं नाही?"

चुलतसासूबाई हसल्या. "नवी आहे हो ती," माझी बाजू घेऊन म्हणाल्या.

मी त्यांच्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिले. मग उठून मागीलदारी गेले आणि ओकले. घरातल्या बायकांनी त्याचा भलताच अर्थ काढून एकमेकींना खुणावलं.

म्हणजे पहिल्या कैरीपासून तिला ठाऊक होतं. पडवीत खाली बघून मुंबईचं बोलली, तेव्हा ठाऊक होतं. ताटात फोडी शोभल्या पाहिजेत म्हणाली, तेव्हा ठाऊक होतं. मी मिठी मारायला गेले तेव्हा. माझी बोटं भाजली तेव्हा. मी जिला परीक्षा समजत होते ती राखण होती.

दिवाळीला मी माहेरी गेले. आत्या वाळली होती. पहिला दिवस आम्ही एकमेकींना टाळण्यात काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत बसले असताना ती आली आणि जरा लांब टेकली.

"मुरांबा टिकला का गो?" तिने विचारलं.

"टिकला. आत्ये, तुला कधीपासून माहीत होतं?"

तिने आढेवेढे घेतले नाहीत. "हळदीकुंकवापासून. तुझ्या वडिलांनी त्याच रात्री सांगितलं. तुला कळू द्यायचं नाही म्हणाले, ही पोर हट्टी आहे, जेवणखाण सोडेल. मी भांडले हो. माझं कोण ऐकतंय? मी त्यांच्या घरात जेवत्ये."

"मग गप्प बसायचं होतंस. मुंबई कशाला सांगितलीस?"

"रुखवताचं रडत केलेलं लाभत नाही गो." ती अगदी साधेपणाने म्हणाली. "माझ्या रुखवताचे लाडू आईने रडत वळले होते, तिला ते स्थळ नको होतं. पुढे माझं काय झालं ते तू बघत्येसच. तुझं तू आनंदाने करावंस, म्हणून सांगितलं. आणि केलंस किती आनंदाने. गाणी म्हणत फोडी केल्यास."

 ती जवळ सरकली. माझा उजवा हात तिने घेतला, बोटांवरचे डाग पाहिले, त्यांवरून अंगठा फिरवला.

"त्या दिवशी माझे हात पातेल्यापर्यंत गेले होते," ती म्हणाली. "पण नाही लावला. तू भाजलीस तरी नाही लावला. माझं नशीब तुझ्या मुरांब्याला लागू दिलं नाही. तेवढं मी तुझ्यासाठी केलं हो."

तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. खरंखुरं समाधान. आयुष्यात एक काम तरी नीट पार पाडलं, असं.

मी हात सोडवून घेतला. "लावायला हवा होतास आत्ये," मी म्हटलं. "बरण्या फुकट गेल्या असत्या. मला कळलं तरी असतं."

 ती उठली आणि चुलीवर दूध होतं, ते बघायला आत गेली.